पहिली बादली

मंजुश्रीने न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला, थर्मामीटरची तार धारेखाली धरली आणि डोळे मिटून घेतले. पाणी थंड येऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं. डिसेंबरातल्या बुलढाण्यात सकाळी साडेसहाला असं मागणं मागणारी ती गावातली एकटीच बाई असेल. डोळे उघडले तेव्हा धारेतून वाफ निघत होती आणि डबीएवढ्या पडद्यावरचा आकडा पन्नाशीला टेकला होता.

दाराबाहेर चपला घासल्या.

"किती आलं वं?"

"गरमच आलं, बाबा."

"पैल्या धारेले?"

"पैल्या धारेले."

"पाह्य!" दारावर अशी थाप पडली की कडी वाजली. "सांगत होतो ना तुले? माह्या पाइपात पाणी थंड होतच नाही!"

मंजुश्री नळ बंद करून उलट्या घातलेल्या बादलीवर बसली. बाहेर सासरे खुशीत, आत सून रडकुंडीला. सोमवारपासून रोज सकाळी हेच चाललं होतं.

भानगड अशी होती. मंजुश्री इथल्याच कॉलेजात एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर कापडबिपड, फोमबिम गुंडाळलेल्या पाइपातून पाण्याची उष्णता किती आणि कशी बाहेर निसटते, याचं प्रारूप तिने संगणकावर बांधलं होतं. पाइपाचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातलं पाणी, पाइपाची भिंत, वरचं वेष्टन आणि बाहेरची हवा यांचं गणित सॉफ्टवेअरने सोडवायचं, आणि मग पडद्यावर गरम पाणी लाल, थंड पाणी निळं असा पाइप दिसायचा. पण नुसतं चित्र काढून भागत नाही. खऱ्याखुऱ्या पाइपावर मापं घेऊन ती चित्राशी जुळली पाहिजेत. आणि खरा पाइप म्हटल्यावर तिच्या सासऱ्यांनी, इंद्रभानने, छाती पुढे काढून आपला पाइप देऊ केला होता.

पाइप होताही तसाच. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवून निवृत्त झाल्यावर इंद्रभानने एकच हौस केली. पाणी तापवायचा सोलर बसवला. ऊन गच्चीवर सगळीकडे सारखंच पडतं, पण टाकी त्याने बसवली पुढच्या कोपऱ्यात, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. न्हाणीघर राहिलं घराच्या पार मागे. मग तो पाइप अख्खी गच्ची ओलांडून, मागची भिंत उतरून, वळणं घेत नळापर्यंत आला. प्लंबरने काळ्या फोमची नळी चढवून हात झटकले. इंद्रभानचं समाधान होईना. डेपोतल्या दोस्ताकडून त्याने जुन्या बसच्या सीटांचं निळं रेक्झिन आणलं आणि ते फोमवर गुंडाळलं. तो गुंडाळत गेला, त्याची बायको कलाबाई मागून सुतळी आवळत गेली. तेव्हापासून घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी गच्ची दाखवायची पद्धत पडली.

आता मंजुश्रीचं सॉफ्टवेअर म्हणत होतं, की रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी पहाटेपर्यंत गार पडणारच. सकाळी नळ सोडला की आधी जवळपास बादलीभर थंड पाणी येईल, आणि मग टाकीतलं गरम. आणि पाइप म्हणत होता, की मी पहिल्या धारेपासून गरम देणार.

मापाआधी कोणी नळ सोडू नये म्हणून तिने घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. नवरा अश्वजित तर आठाशिवाय उठत नसे. उठल्यावर कसाबसा डबा उचलून मलकापूरची बस गाठायचा. इंद्रभानने "माप झाल्याबिगर मी तोंडही धुत नाही" अशी शपथच घेतली होती. राहिली कलाबाई. तिची आंघोळ घरात कोणी पाहिलेलीच नव्हती. बाकीचे उठत तेव्हा ती न्हाऊन, ओले केस बांधून, कणिक मळत असायची. मंजुश्रीने तिलाही विचारलं होतं.

"आई, तुमच्या आंघोळीचं कसं करायचं?"

"माह्या आंघोळीची फिकर नोको करू. मी गरम पाण्याले हात लावत नाही."

म्हणजे ड्रममधलं पाणी गॅसवर तापवून घेत असतील, असं मंजुश्रीने धरलं आणि ती पुढच्या कामाला लागली.

दुपारी ती हॉलमध्ये संगणकापुढे बसली. इंद्रभान चष्मा पुसत खुर्ची ओढून शेजारी आला. हे रोजचंच. सुनेच्या अभ्यासाचं त्याला एवढं कौतुक, की नाक्यावर कोणी 'जय भीम' म्हटलं की त्याचं उत्तर संपायच्या आत पाइप निघायचा.

फोन वाजला. तिच्या गाईड, अनुपमा मॅडम.

"जुळलं का?"

"नाही मॅडम. आजही पहिल्यापासून गरम."

"मग चूक तुझ्या प्रारूपात आहे, नाहीतर मापात. शोध. शनिवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत. जुळलं नाही तर मी सही करणार नाही, मंजुश्री. पुढच्या सत्रात बघू. आणि एक सांगते, आकडे ओढूनताणून बसवलेस तर मला लगेच कळेल."

पुढचं सत्र म्हणजे आणखी अर्धं वर्ष. माहेरी, वरवट बकालला, वडील आजारी होते तेव्हा एक सत्र असंच हातचं गेलं होतं. तेव्हा या घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. उलट इंद्रभानच तिला दर आठवड्याला एसटीत बसवून द्यायचा आणि कंडक्टरला सांगायचा, सून आहे माझी, नीट ने. आता पुन्हा या लोकांना थांबा म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"काय म्हणे मॅडम?" इंद्रभानने विचारलं.

"कॉम्प्युटर म्हणते पाणी थंड यायला पाहिजे."

"कॉम्प्युटरले सांग, इथं येऊन हात घाल म्हणा नळाखाली." मग तिचा चेहरा बघून तो जरा मऊ झाला. "रेक्झिन टाकलं का तू त्याच्यात?"

"टाकलं ना. फोम टाकला, रेक्झिन टाकलं."

"किती टाकलं? कमी टाकलं असंन. वाढव."

तिने नको नको म्हणत रेक्झिनपुढचा आकडा बदलला. रेक्झिनमधून उष्णता जवळजवळ बाहेर जाऊच शकत नाही, असा करून टाकला. गणित सुटलं आणि पडद्यावरचा पाइप रात्रभर लालभडक राहिला. मापाशी तंतोतंत जुळला.

"हे पाह्य! झालं ना तुहं काम!" इंद्रभान उठून उभाच राहिला. "कला, ये वं इकडं, पाइप पाह्य आपला!"

खोटं कशाला बोला, दोन मिनिटं मंजुश्रीलाही बरं वाटलं. मग तिने तो आकडा पुन्हा वाचला.

"बाबा, हे रेक्झिन तर थर्मासच्या वर गेलं."

"असंनच मंग. एसटीचं हाय थे."

तिला हसू आवरेना. हसता हसता तिने आकडा पुसला आणि जुना टाकला. पाइप पुन्हा निळा झाला. इंद्रभानने खुर्ची थोडी मागे सरकवली. त्याला वाईट वाटलं हे तिला समजलं आणि तिलाही वाईट वाटलं.

तो गच्चीवर निघून गेल्यावर ती नुसतीच पडद्याकडे बघत बसली. फोम तपासून झाला होता, पाइपाची लांबी दोनदा मोजून झाली होती, रात्रीचं तापमान तर ती स्वतः गच्चीवरच्या थर्मामीटरवर बघत होती. सगळं बरोबर. मग ती उलट्या बाजूने विचार करायला लागली. साडेसहाला नळाजवळचं पाणी गरम असायचं असेल, तर ते रात्रभर पाइपात थांबलेलं नकोच. ते नुकतंच टाकीतून आलेलं हवं. आणि ते येणार कधी, तर पुढचं पाणी निघून गेल्यावर.

तिने संगणकाला सांगितलं, की पहाटे पाचला बादलीभर पाणी काढलं.

पाइप आधी सगळा निळा झाला. मग पाचच्या ठोक्याला टाकीकडून लाल रंग सुटला आणि वळणं घेत नळापर्यंत येऊन थांबला. साडेसहाचा आकडा तिच्या मापाच्या इतका जवळ आला की तिने तो बोट लावून वाचला.

कलाबाई मागच्या अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. मंजुश्री समोर बसली, मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"आई, पहाटे नळाचं पाणी कोणी काढते का?"

"गरम पाण्याले मी हात नाही लावत, तुले सांगतलं ना."

"आणि थंड?"

"थंड काढतो." कलाबाईने मान वर केली नाही. "थे निंगून गेल्यावर गरम येते. बादली भरत आली का हाताले कोमट लागते, मंग म्या बंद करतो."

"आणि त्या थंड पाण्याचं काय करता?"

"काय करता म्हणजे? आंघोळ करतो. फेकून देऊ का बापा? बुलढाण्यात नळाले काय रोज पाणी येते?"

मंजुश्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधीपासून?"

"सोलर बसलं तव्हापासून."

"हिवाळ्यात पण?"

"हिवाळ्यात काय माणूस आंघोळ करत नाही का?" कलाबाई चिडली. मग घराच्या आत एक नजर टाकून तिने आवाज उतरवला. "सोलर बसलं ना, त्या दिवशी त्यायनं शेजारच्या नारायणरावले, अर्ध्या गल्लीले बलावलं होतं सकाळी. गरम पाणी दाखवाले. म्या त्याच्या आधी नळ सोडून पाह्यला, तं बर्फ! आता हे सगळ्याइच्या समोर नळ सोडतीन अन् लोकं हासतीन. म्या बादली भरून बाजूले ठेवली. मंग आले हे. नळ सोडला, तं चटका! काय खुश झाले माय! नारायणरावचा हात धरून धरून धारेखाली घालत होते." ती हसली. "दुसऱ्या दिवशी कसं मोडाव त्यायचं मन? मंग राह्यलं तसंच."

"पण आई, एवढ्या थंडीत..."

"काही होत नाही. पैला तांब्या जड जाते, मंग नाही." तिने सोललेले दाणे सुपात ओतले. "त्यायले सांगजो नोको. अन् तुहं काही बिघडलं का माह्यामुळं? तू म्हणलं गरम पाण्याले हात लावू नका. म्या नाही लावला बापा."

"काही बिघडलं नाही, आई," मंजुश्री म्हणाली आणि तिला रडूच आलं. राग आला तो स्वतःचा. इतके दिवस ती पाइपाच्या इंचाइंचाची चौकशी करत होती, आणि घरातली बाई कोणत्या पाण्याने न्हाते हे तिने एकदाच विचारलं होतं, तेही उत्तराकडे लक्ष न देता. कलाबाईने तिचे डोळे पदराने पुसले, "वेडी हाय का," म्हणाली आणि आणखी शेंगा तिच्या पुढ्यात सारल्या.

अनुपमा मॅडमना फोनवरच एवढा आनंद झाला की त्या चक्क मोठ्याने हसल्या. "अगं, म्हणजे तुझं प्रारूप पहिल्यापासून बरोबर होतं! आता एवढंच लिही, की मापनापूर्वी पहाटे एक बादली पाणी काढलं जात होतं. जे घडलं ते स्वच्छ लिही. मी सही करते."

पण जे घडलं ते स्वच्छ लिहायचं, आणि इंद्रभानला कळू द्यायचं नाही, हे जमायचं कसं? तो तर शुक्रवारी संध्याकाळी आंघोळ करून, भांग पाडून समोर हजर.

"परीक्षकाले उद्या दाखवशीन. आज मले दाखव. मी परीक्षक."

टाळता येईना. तिने चित्रफीत सुरू केली. संध्याकाळचा लाल पाइप हळूहळू केशरी झाला, पिवळा, हिरवा. मग नळाकडून टाकीपर्यंत निळा पडला.

"हा कोणाचा पाइप?"

"आपलाच, बाबा."

"निळा काऊन झाला?"

"रात्रभर उभं राहिलेलं पाणी कोणत्याही पाइपात थंड होतंच. तुमच्या रेक्झिनमुळं उशिरा होते. नुसता फोम असता तर अर्ध्या रात्रीतच गार पडलं असतं."

"पुढं चालव."

पहाट झाली. टाकीकडून लाल रंग निघाला आणि नळापर्यंत धावत आला.

"हे काय झालं?"

"एक बादली पाणी निघालं."

"कोणी काढलं?"

मंजुश्रीने खाली की-बोर्डकडे पाहिलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. इंद्रभानने सारी हयात गच्च भरलेल्या गाडीत काढली होती. तिकीट न काढलेला माणूस कोणता, हे त्याला कोण खिडकीबाहेर बघतं त्यावरून कळायचं. त्याने सुनेकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. चष्मा काढून खिशात घातला आणि जिना चढून गच्चीवर गेला.

कलाबाई ओल्या हातानेच बाहेर आली.

"सांगतलं ना तू?"

"नाही आई, शपथ. चित्रात दिसलं त्यांना."

"आता बसतीन तोंड फुगवून," कलाबाई म्हणाली, पण तिचे डोळे जिन्याकडे लागले होते.

तो बऱ्याच वेळाने खाली आला. जेवायला बसला. अश्वजितने विचारलं, "बाबा, तब्येत बरी हाय ना?" तर "हाव" म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवून बसला. बातम्या लावल्या नाहीत. कलाबाईने न मागता वाढलेलं वरण मात्र सगळं संपवलं. मंजुश्रीला वाटलं, उद्या काय व्हायचं ते होवो, पण या माणसाचा पाइप आपण हिरावून घ्यायला नको होता. एम.टेक. काय, पुढच्या सत्रातही झालं असतं.

सकाळी ती गजर व्हायच्या आधीच उठली. परीक्षेची धडधड होतीच. मागच्या दारातून गार वारा येत होता आणि अजून पुरतं उजाडलं नव्हतं. न्हाणीघराच्या बंद दारापुढे कलाबाई खांद्यावर लुगडं टाकून उभी होती.

"आत कोन हाय?" मंजुश्रीने हळूच विचारलं. "हे?"

"अश्वजित घोरून राह्यला तिकडं."

आतून तांब्याचा आवाज आला. पाणी पडलं, आणि पाठोपाठ कोणीतरी 'आऽह' करून श्वास ओढला. मग दुसरा तांब्या, आणि पुन्हा तोच आवाज, त्याहून मोठा. कलाबाईने लुगडं घट्ट छातीशी धरलं.

"अहो! अश्वजितचे बाबा! काय करून राह्यले तुम्ही? छातीत कळ येईन!"

तांब्या मात्र थांबला नाही. बादली पुरती संपल्याचा आवाज झाला, नळ सुटला, नवी बादली भरू लागली, आणि दाराच्या फटीतून वाफेचा ओलसर वास बाहेर आला. मग कडी निघाली. इंद्रभान टॉवेल गुंडाळून बाहेर आला. ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते.

"जा," तो बायकोला म्हणाला. "पाणी ठेवलं हाय."

"ह्या वयात हे काय सुचलं..."

"जा म्हणलं ना. थंड होईन."

कलाबाई त्याच्याकडे बघतच आत गेली. कडी लागली. मंजुश्रीने धावत जाऊन घोंगडी आणली आणि सासऱ्याच्या अंगावर टाकली. तो उंबऱ्यावरच बसला, गुडघे पोटाशी घेऊन, कान न्हाणीघराकडे लावून.

आत पहिला तांब्या ओतला गेला आणि कलाबाई ओरडली.

"अवं मंजू! पोळलं माय! थंड पाणी आण वं बादलीभर, मले नाही सोसत हे!"

मंजुश्री ड्रमकडे वळली. इंद्रभानने घोंगडीतून हात काढून तिचा हात धरला.

"नोको देऊ," तो म्हणाला. दात अजून वाजत होते. "राहू दे. होईन तिले सवय."